ते फोटोतलं ऑफिस नक्की कुठे असतं?

मु_पो_टेबल
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज जरा वेळ मिळाला म्हणून धागा काढतोय. आधी असा धागा असेल तर लिंक द्या, हा उडवला तरी चालेल.

झालं असं की आमच्या टीममधल्या एकाने लिंक्डइनवर पोस्ट टाकली. आमचं रिपोर्टिंगचं एक काम नुकतंच लाइव्ह गेलं त्याबद्दल. काचेच्या भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या, चार जण हसतायत, एकाचा हात हवेत, आणि खाली "अविस्मरणीय प्रवास", "अशा टीमचा भाग असल्याचा अभिमान" वगैरे. फोटोच्या कडेला एक माणूस अर्धा कापला गेलाय आणि लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलाय, तो मी. मी तेव्हा काय करत होतो तर दोन ऑफिसांकडून आलेल्या फायलींमध्ये तारखा उलट्यासुलट्या झाल्या होत्या त्या हाताने जुळवत होतो. आणि त्या चिठ्ठ्या आमच्या कामाच्या नव्हत्याच, आधीच्या कुठल्यातरी ट्रेनिंगच्या राहिल्या होत्या भिंतीवर. पोस्ट टाकणारा वाईट नाही हां, कामाचा माणूस आहे, त्या रात्री तोही माझ्याबरोबर जागा होता. पण पोस्टमध्ये ती रात्र नाही.

राग नाही आला, विचित्र वाटलं. कारण पोस्ट वाचून क्षणभर मलाच वाटलं की काय भारी जागा आहे ही, इथे नोकरी मिळाली पाहिजे.

तर प्रश्न दोन. एक, तुमच्याकडेही असंच असतं का की आमचंच ऑफिस जास्त रटाळ आहे? आणि दुसरा जास्त महत्त्वाचा, आता साहेब म्हणतायत की प्रत्येकाने महिन्यातून एकदा तरी काहीतरी टाकायचंच. मजकूर तयार होऊन मेलवर येतो, आपण चार शब्द बदलून चिकटवायचा. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये व्हिजिबिलिटी नावाचा रकाना आलाय. टाकू का नको? टाकलं तर खोटं वाटतं, नाही टाकलं तर रकाना रिकामा.

टवाळ_कार्टा
तुम्ही निदान अर्धे तरी आलात. आमच्या टीमच्या फोटोत माझी फक्त पाण्याची बाटली आहे.

भोचक_भवानी
वाचतेय. टॅग केलं होतं का तुम्हाला?

मु_पो_टेबल
हो केलं होतं ना. लगेच मावशीचा मेसेज, "अभिनंदन, प्रमोशन झालं वाटतं, सांगितलं नाहीस". आता तिला काय सांगू की तारखा दुरुस्त केल्या.

अकौंटवाली
रटाळ सगळीकडेच असतं हो. मी अकौंट्समध्ये. आमच्याकडे महिनाअखेर म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटशी खातं जुळवायचं, कुणाचं तरी बिल दोनदा चढलेलं असतं, कुणी परतावा उलट्या बाजूला टाकलेला असतो, फरक अगदी किरकोळ असतो आणि तो शोधण्यात अख्खी दुपार जाते. जुळलं की जो आनंद होतो ना, तो मला आजवर कुठल्याच ऑफसाइटला झालेला नाही. पण त्याचा फोटो काय काढणार? स्क्रीनवर फरकाच्या रकान्यात शून्य दिसतं, संपलं.

आमच्या कामाचं यश म्हणजे काहीही न घडणं. ऑडिटरने परत बोलावलं नाही, पगार वेळेवर झाले, कुणाचा फोन आला नाही. न घडलेल्या गोष्टीची पोस्ट कशी टाकतात ते कुणीतरी शिकवा मला. म्हणूनच फीडमध्ये बघा, नवीन जॉइन झालेले, सोडून चाललेले, सेल्सवाले आणि बक्षीस मिळालेले एवढेच लोक असतात. जॉइन होणं आणि सोडणं यांच्या मधली जी वर्षं असतात ती कुठेच नाहीत.

खिडकीची_जागा
मधली वर्षं!! अगदी अगदी. +१

कोपऱ्यातला_पंखा
मला कळत नाही यात एवढं गंभीर काय आहे. बायोडाटात कधी कुणी "मीटिंगमध्ये डुलक्या काढल्या" असं लिहिलंय का? पोस्ट म्हणजे जाहिरात. लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्यालाही माहीत असतं. फसतंय कोण? टेबलराव, मजकूर चिकटवा, रकाना भरा आणि घरी जा. तत्त्वाचा प्रश्न वगैरे करू नका.

संशयात्मा
@पंखा, जाहिरात आहे हे माहीत असल्याने काही फरक पडत नाही, तीच तर गंमत आहे. लिऑन फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की आपण कसे आहोत हे मोजायला ठोस माप नसलं की माणूस दुसऱ्याशी तुलना करतो, आणि तीही कुणाशीही नाही, आपल्यासारख्याच माणसाशी. एखाद्या नटाचा बंगला बघून आपली झोप उडत नाही. पण आपल्याच वर्गातला, आपल्यापेक्षा जरा कमी मार्क पडलेला कुणी डायरेक्टर झाला की दिवसभर चुटपुट लागते. आता लिंक्डइन काय दाखवतं? नेमकी हीच माणसं. तीच डिग्री, तेच पासिंगचं वर्ष, तसलंच काम.

आणि ऑफिसातल्या कामाला ठोस माप नसतंच बऱ्याचदा. अकौंटवाली ताईंचं शून्य तरी आहे, माझ्या कामात तेही नाही. "स्टेकहोल्डर अलाइनमेंट" कशात मोजणार?

अजून एक. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवलं की बहुतेक लोकांच्या मित्रांना सरासरी त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला चमत्कारिक वाटतं पण साधं आहे, ज्याला शंभर मित्र तो शंभर जणांच्या यादीत मोजला जातो, ज्याला दोन तो दोघांच्याच. फीडमध्ये तेच होतं. रोज पोस्टणारा रोज दिसतो, वर्षातून एकदा पोस्टणारा बहुतेक दिसतच नाही, आणि अजिबात न पोस्टणारे जे सगळ्यात जास्त असतात ते तर हिशेबातच नाहीत. मग आपण म्हणतो "सगळ्यांचं कसलं भारी चाललंय".

कोपऱ्यातला_पंखा
एवढं गणित मांडून शेवटी बरं वाटतं का?

संशयात्मा
नाही. पण त्या डायरेक्टरला म्यूट केल्यावर वाटतं.

टवाळ_कार्टा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

निळी_शाई
मी हेच काम करते. म्हणजे तुम्हाला मेलवर जो तयार मजकूर येतो ना, तो लिहिणारी मी. (तुमच्या कंपनीत नाही, दगड खाली ठेवा.) तेव्हा पडद्यामागचं थोडं सांगते.

"माझा ऑफिसातला एक दिवस" असले जे व्हिडिओ असतात ते शूट करायला खरोखरच एक दिवस जातो आणि त्या दिवशी ते माणूस काहीही काम करत नाही. आधी शॉटची यादी बनते, कुठे चालत यायचं, कुठे लॅपटॉप उघडायचा, कुणाशी हसायचं. टेबलावरच्या वायरी, औषधाच्या गोळ्या, घड्या केलेले कागद सगळं उचललं जातं. व्हाइटबोर्डवर ग्राहकाचं नाव किंवा आकडे असतील तर लीगलवाले अडवतात, म्हणून बोर्ड पुसून त्यावर बाण आणि गोल काढतात. रंगीत चिठ्ठ्या ही आमची लाडकी वस्तू, त्यावर काहीही लिहिलेलं चालतं कारण वाचता येत नाही. स्क्रीन तर दाखवताच येत नाही, गोपनीय माहिती असते. आता विचार करा, ऑफिसचं काम नव्वद टक्के स्क्रीनवर आणि तीच दाखवायची नाही. मग उरतं काय? कॉफी मशीन, सोफा, झाडाची कुंडी आणि हसणारी माणसं. आम्ही खोटं दाखवतो असं नाही, जे दाखवायची परवानगी असते ते दाखवतो आणि ते सगळं कामाच्या भोवतालचं असतं.

आणि तुमच्याकडून पोस्ट का करवून घेतात? कारण कंपनीच्या पेजवरची पोस्ट कुणी बघत नाही, माणसाच्या नावाने आलेली बघतात. कुणी किती शेअर केलं याचा डॅशबोर्डही असतो आमच्याकडे. एकच विनंती, शब्द बदला हो. एकाच सकाळी एकाच ऑफिसातल्या वीस लोकांना अक्षरशः एकाच वाक्यात अभिमान वाटायला लागतो तेव्हा आमचीच मान खाली जाते.

भोचक_भवानी
घड्या केलेले कागद 😀 ताई अजून सांगा ना. हसणारी माणसं खरोखर हसत असतात का?

निळी_शाई
पहिल्या टेकला नाही. नंतर कुणीतरी पडतं, धडकतं, मग हसतात. तो घेतो.

जुना_टाइपरायटर
मंडळी, आम्ही आता निवृत्त. पण हे नवीन आहे असं समजू नका. आमच्या काळात गृहपत्रिका निघायची, दर तीन महिन्यांनी, गुळगुळीत कागद. त्यात सुरक्षा सप्ताहाची ढाल, गुणवंत कामगार, साहेबांचं भाषण, सगळे हसतमुख. फोटोग्राफर येणार म्हणून एकदा आमच्या खात्यातल्या मशीनला रंग दिला होता, तोही कॅमेऱ्याकडच्या बाजूलाच. दुसरी बाजू मी निवृत्त होईपर्यंत तशीच गंजलेली होती.

पण एक फरक आहे. पत्रिका कंपनीच्या नावाने निघायची. "आमची कंपनी थोर आहे" असं कंपनी म्हणायची, आम्ही ती चाळून ड्रॉवरमध्ये टाकायचो, कुणी विचारत नसे की तू का नाही म्हणालास. तुमच्याकडून आता ते तुमच्या नावाने, तुमच्या फोटोखाली, तुमच्या नातेवाइकांसमोर म्हणवून घेतात. हे मला जास्त खटकतं. तोंड तुमचं आणि शब्द त्यांचे.

मु_पो_टेबल
काका, हेच मला नीट सांगता येत नव्हतं. जाहिरात आहे हे मान्य @पंखा, पण मग जाहिरातीत काम केल्याचे वेगळे पैसे द्या की.

कोपऱ्यातला_पंखा
तो मुद्दा बरोबर आहे. पैशाचा मुद्दा आला की मी लगेच पटतो.

रात्रपाळी
आठवतंय का, २०२२ मध्ये मोठ्या टेक कंपन्यांतल्या पोरापोरींच्या "एक दिवस" व्हिडिओंची लाट आली होती. फुकट जेवण, मसाज, छतावरची बाग, मध्ये कुठेतरी एक मीटिंग. खाली कमेंट असायच्या की हे लोक काम कधी करतात. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेटाने ११ हजार आणि जानेवारी २०२३ मध्ये गुगलने सुमारे १२ हजार लोक काढणार म्हणून जाहीर केलं, आणि तेच व्हिडिओ परत काढून लोक हसायला लागले की बघा, म्हणूनच काढलं. मला ते फार वाईट वाटलं. काम केलंच असेल की त्यांनी, ते दाखवता येत नव्हतं एवढंच, निळी_शाई म्हणतात तसं. म्हणजे आधी चमकदार दाखवा म्हणून कौतुक आणि नंतर तेच पुरावा म्हणून अंगावर.

नंतर तर कामावरून काढल्याचा दिवसही शूट करून टाकायला लागले. तेवढाच काय तो खरा वाटायचा.

पुन्हा_श्रीगणेशा
सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून जरा वेगळं लिहिते. माझी नोकरी गेली होती. प्रोफाइल फोटोभोवती ती हिरवी "काम शोधतेय" पट्टी लावायची सोय लिंक्डइनने २०२० मध्ये आणली, ती लावायला मला फार जड गेलं. सगळे म्हणायचे अगतिक दिसतं. शेवटी लावली, आणि एक साधी पोस्ट लिहिली की मला काय काय येतं, कुठलं काम हवंय. आधीच्या आधीच्या ऑफिसातली एक बाई, जिच्याशी मी तिथे असताना धड बोललेही नव्हते, तिने ती पोस्ट वाचून तिच्या साहेबांना पाठवली. तिथेच लागले. तेव्हा या सगळ्याला नुसतं ढोंग म्हणून मोडीत काढू नका, ज्यांना ओळखी नसतात त्यांच्यासाठी हे एकच दार असतं.

पण गंमत पुढे आहे. नोकरी लागल्यावर "कळवताना अत्यंत आनंद होतोय" ही पोस्ट लिहायची वेळ आली. पगार आधीपेक्षा कमी, काम नवीन, पोटात गोळा. लिहिलं तेच, अत्यंत आनंद. दुसरं काय लिहिणार? "कळवताना बरीच धाकधूक होतेय" असं लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी साहेबांनी बोलावलं असतं.

खिडकीची_जागा
तुम्ही ते लिहायला हवं होतं, मी लाइक केलं असतं.

पुन्हा_श्रीगणेशा
तुम्ही कराल हो. पगार तुम्ही देणार नाही ना 🙂

उगाचच
अवांतर, बीरियल नावाचं फोटोचं ॲप कुणी वापरलं होतं का? २०२० मध्ये फ्रान्समध्ये निघालं, २०२२ च्या सुमारास खूप चाललं. दिवसातून एकदा कधीही घंटी वाजणार, दोन मिनिटांत पुढचा आणि मागचा दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढायचा, फिल्टर नाही, काही नाही. म्हटलं आता खरं आयुष्य दिसेल. दिसलं की! आठवडाभर सगळ्या मित्रांचे लॅपटॉप आणि दुहेरी हनुवटी. आज लॅपटॉप, उद्या लॅपटॉप, परवा तोच लॅपटॉप आणि बाजूला मोबाईलचा चार्जर. खरं ऑफिस बघायची कुणालाच हौस नसते असं माझं मत झालं त्यावरून. वर आमच्या ऑफिसातून मेल आला की स्क्रीन फोटोत येते, बंद करा. २०२४ मध्ये ते ॲप दुसऱ्या एका फ्रेंच कंपनीने विकत घेतलं, मी त्याच्या खूप आधीच उडवलं होतं.

टवाळ_कार्टा
घंटी वाजली की लोक चांगल्या जागी जाईपर्यंत थांबायचे आणि उशिरा टाकायचे, हे लिहायचं राहिलं.

उगाचच
हो ते पण. मी स्वतः एकदा टेरेसवर धावलोय.

घरूनच_काम
सोशल मीडिया सोडा, ऑफिसच्या आतही तेच चालतं ना. मायक्रोसॉफ्ट टीम्सवर, म्हणजे आमच्या ऑफिसच्या चॅटवर, पाच मिनिटं माउस हलला नाही की हिरवा ठिपका पिवळा होतो. मी कागदावर विचार करणारा माणूस, पेन घेऊन बसलो की पिवळा, आणि उगाच चॅटमध्ये अंगठे देत बसलो की हिरवागार. लोक माउस हलवत ठेवायची यंत्रं विकत घेतात. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोक काढले, कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केला म्हणून. आता यात हसावं का रडावं? त्यांनी फसवलं हे खरंच, पण मुळात बोटं हलतायत म्हणजे काम चाललंय हे कुणी ठरवलं? मायक्रोसॉफ्टच्याच २०२३ च्या अहवालात होतं की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणाऱ्या वेळेपैकी सरासरी ५७ टक्के मीटिंग, मेल, चॅटमध्ये जातो आणि ४३ टक्के काहीतरी बनवण्यात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ आपण एकमेकांना सांगण्यातच घालवतो, आणि आता टेबलरावांसारख्यांना ते बाहेरच्या जगालाही सांगायचंय.

संशयात्मा
सांगणं म्हणजे काम नाही असं सरसकट नाही म्हणता येणार. माझं कामच समन्वयाचं आहे, मी दिवसभर बोलतो आणि त्यामुळे दुसऱ्या चौघांचं काम अडत नाही.

घरूनच_काम
तुमच्याबद्दल नव्हतो बोलत. (थोडं तुमच्याबद्दलच होतं.)

गेट_नंबर_दोन
आम्ही प्लँटवर. मोबाईल गेटवर जमा. माझ्या खात्याचं सोशल मीडियावर अस्तित्वच नाही. हेड ऑफिसवाले वर्षातून एकदा हेल्मेट घालून येतात, फोटो काढतात, हेल्मेट परत देऊन जातात. हेल्मेटचा पट्टा कधीच लावलेला नसतो. पोस्टखाली आमचेच लोक घरी जाऊन कमेंट करतात, "सर पट्टा". कमेंट उडते.

जुना_टाइपरायटर
सर पट्टा! 😂 आमचीच औलाद शोभता.

गेटपास
मी एचआरमध्ये आहे, भरती आणि अप्रेझल दोन्ही बघते, तेव्हा मूळ प्रश्नावर येऊया का? धागाकर्ते बिचारे वाट बघत असतील.

बाहेरच्या नोकरीसाठी म्हणाल तर पोस्टचा उपयोग लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी. लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं ते मुळात बायोडाटा आणि ओळखी ठेवायची जागा म्हणून, आणि आम्ही अजून ते तसंच वापरतो. उमेदवार कुठे होता, तारखा बायोडाटाशी जुळतात का, ओळखीचं कुणी आहे का विचारायला, एवढं बघून पुढे. त्याची "पहाटे उठल्याने मी काय शिकलो" ही पोस्ट वाचायला वेळ कुणाला आहे. उलट फारच पोस्ट असतील तर मॅनेजर विचारतात की हा काम कधी करतो.

आतल्या आत मात्र वेगळं असतं, आणि इथे जरा लक्ष द्या. बऱ्याच कंपन्यांत तुमचं रेटिंग एकट्या साहेबांच्या हातात नसतं. सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात, याद्या समोर ठेवतात आणि वर-खाली करतात. तिथे तुमचं नाव आल्यावर बाकीच्या मॅनेजरांनी ते कधी ऐकलेलं असेल तर कुणी हरकत घेत नाही. ऐकलेलंच नसेल तर "हा कोण?" असं होतं आणि वरचं रेटिंग टिकवायला तुमच्या साहेबांना भांडावं लागतं, आणि सगळे साहेब भांडत नाहीत. व्हिजिबिलिटीचा रकाना येतो तो यातून. त्याचा लिंक्डइनशी संबंध असायलाच हवा असं नाही. फॉर्ममध्ये त्याचं वजन किती टक्के ते आधी विचारा, आणि लेखी विचारा. बहुतेक वेळा ते किरकोळ असतं. मग त्यात लिहा की दुसऱ्या टीमला काय समजावून दिलं, कुठली नोट लिहून ठेवली, कुणाचा कुठला त्रास वाचवला. त्या दुसऱ्या टीमच्या मॅनेजरला एक मेल टाकायला सांगा. चार अभिमानाच्या पोस्टपेक्षा तो एक मेल त्या खोलीत जास्त चालतो.

अकौंटवाली
गेटपास ताई, हे प्रिंट काढून टेबलाला चिकटवतेय. आम्हाला कुणी हे सांगतच नाही, त्या खोलीत काय होतं ते.

गेटपास
सांगायचं नसतंच. म्हणून तर टोपणनावाने लिहिते.

मु_पो_टेबल
खूप खूप आभार. विचारतो वजन. पण साहेबांना एक तरी पोस्ट हवीच आहे म्हणून मी खरंखुरं जे झालं ते लिहून बघितलं. इथे टाकतोय, सांगा कसं वाटतं:

"आमच्या मासिक रिपोर्टमध्ये एकाच विक्रीच्या दोन वेगवेगळ्या तारखा दिसत होत्या. एका ऑफिसच्या फायलीत दिवस आधी आणि महिना नंतर, दुसऱ्याच्या फायलीत उलट. स्प्रेडशीट आपापल्या सेटिंगप्रमाणे वाचत होती. कारण सापडायला वेळ लागला, दुरुस्ती सोपी होती. आता रिपोर्ट बरोबर येतो."

टवाळ_कार्टा
छे छे, असं नसतं लिहायचं. थांबा, मी करून देतो.

"मला वाटलं होतं मला तारखा समजतात.

मी चुकीचा होतो.

त्या रात्री ऑफिसात फक्त मी होतो.

आणि एक स्प्रेडशीट.

तिने मला विचारलं, 'दिवस आधी की महिना?'

आणि मला नेतृत्वाचा अर्थ कळला.

सहमत?"

भोचक_भवानी
मेले मी हसून. ओळीओळीत एवढी जागा का सोडतात पण हे लोक?

निळी_शाई
पहिल्या दोन-तीन ओळींनंतर पोस्ट कापली जाते आणि "आणखी वाचा" येतं. ते दाबलं गेलं की समजतात की लोकांना रस आहे. म्हणून वर काहीतरी अर्धवट टाकायचं. टवाळाने "मी चुकीचा होतो" बरोब्बर जागी ठेवलंय, नोकरी हवी असेल तर सांगा.

टेबलराव, तुमचा मूळ मजकूर मला आवडला. आमच्याकडे मंजुरीला आला असता तर "एका ऑफिसची फाईल" यावर लाल शेरा पडला असता, आपल्यात गोंधळ आहे असं बाहेर कशाला सांगायचं म्हणून. तेवढं "वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या फायली" करा, बाकी राहू द्या. फार लाइक नाही मिळणार.

कोपऱ्यातला_पंखा
सात लाइक मिळतील. त्यातला एक मावशीचा.

मु_पो_टेबल
टाकली. तयार मजकूर नाही वापरला, साहेबांना सांगितलं की माझ्या नावाने जाईल ते मी लिहीन. ते म्हणाले ठीक आहे, जरा कोरडं आहे, फोटो लावता आला असता. वजन विचारलं तर एचआरला विचारून सांगतो म्हणाले, अजून उत्तर नाही.

गेटपास
आठवण करा. लेखी.

अकौंटवाली
अहो पण त्या तारखांचं शेवटी काय केलंत? विचारायचं कारण, आमच्याकडे एका व्हेंडरच्या फायलीत हुबेहूब हेच चालू आहे. तेरा तारखेपासून पुढच्या निदान अडतात, कारण तेरावा महिना नसतो, त्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे सरकतात आणि दिसतात. बारापर्यंतच्या गुपचूप उलटतात, तीन एप्रिलचं बिल चार मार्चला जाऊन बसतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

मु_पो_टेबल
बरोब्बर तेच! दिवस आणि महिना सारखाच असेल तेव्हा तर उलटूनही बरोबर दिसतं. आम्ही सगळ्यांना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने पाठवायला सांगितलं, तो आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६०१, १९८८ पासूनचा. त्यात गोंधळाला जागा राहत नाही आणि नुसता मजकूर म्हणून लावला तरी तारखा ओळीने लागतात. पण फाईल डबल क्लिक करून उघडू नका, इम्पोर्ट करा आणि तारखेचा कॉलम कुठल्या क्रमाने वाचायचा ते तिथेच निवडा. डबल क्लिक केलं की स्प्रेडशीट उघडतानाच तारखा स्वतःच्या मनाने उलटवते, आणि सेव्ह केलंत तर मूळ गेलं.

अकौंटवाली
अगं बाई, सेव्ह तर रोज करतो आम्ही. जुन्या फायली व्हेंडरकडून परत मागवाव्या लागतील म्हणजे.

गेट_नंबर_दोन
आमच्या स्टोअरच्या नोंदींतही असेल हे. दादा, इम्पोर्टमध्ये ते क्रम निवडायचं नक्की कुठे येतं? जरा स्टेप बाय स्टेप लिहाल का, प्लँटवर मोबाईल नसतो, कागदावर उतरवून नेतो.